लवणातला बन्सी

माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, लग्नानंतर कित्येक वर्षं मी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं, आमच्याकडे रीतच तशी. भासरे दारात आले की पदर डोक्यावर घ्यायचा आणि आत जायचं. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते नवऱ्याला सांगत, आणि तो घरात नसला तर अंगणातल्या बैलाला. "सांग तिले, चहात साखर कमी हाय." बैल ऐकून घ्यायचा, मीही ऐकून घ्यायचे. उलट उत्तर येणार नाही, हे भासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाने या रीतीचा पुरेपूर फायदा उचलला.

वाटणीत विहिरीकडचं वावर त्यांनी ठेवलं. आम्हाला आलं लवण, पावसाळाभर पाणी साचणारा काळ्याभोर मातीचा खोलगट तुकडा. त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडून मरायची. तसेही ते दिवस कापसाचे वाईटच होते. बोंडअळीने चांगली चांगली वावरं खाल्ली होती. आधी कापसाच्या नादाने गावाने जुना गहू सोडला, आणि आता कापूस गावाला सोडत होता.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी भासरे खांद्यावर पोतं घेऊन आले. सोबत गावातले चार लोक मुद्दाम आणलेले.

"घे, घरचं बी हाय, लोकवन," ते नवऱ्याला म्हणाले. "पेर लवणात. गहू झाला तं वावर तुयं. नाई झाला तं होळीनंतर लवण मले दे अन् माह्यावालं बरड तू घे."

बरड म्हणजे नुसता मुरूम. तिथे गवतही नाइलाजाने उगवायचं.

"दादाचं मन मोठं हाय," नवरा म्हणाला आणि मान डोलावली.

मी दाराआड उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकवनला चार-पाच पाणी लागतात, हे शेतात राबणाऱ्या कोणालाही कळतं. आमच्याकडे विहीर नाही. त्यांच्या विहिरीवर मोटर होती, पण पाण्याचं त्यांनी नावही काढलं नाही. हे बी आमचं वावर गिळायला आलं होतं, आणि चार लोक त्याला दानत म्हणत होते. रीत आडवी आली नसती तर ते पोतं मी तिथेच परत त्यांच्या खांद्यावर ठेवलं असतं.

मग मी दुसरा मार्ग धरला. बाभुळगावकडे माझं माहेर. बाबा शेवयांपुरता बन्सी अजून पेरत असत. बन्सी जुना गहू, उंच वाढणारा, काळ्या कुसळांचा, पाणी न देता खालच्या ओलीवर येणारा. बाबांनी एसटीच्या टपावर पोतं चढवून दिलं आणि कशाला हवं ते विचारलंसुद्धा नाही.

लवणातली माती मुठीत दाबली तर लाडू वळत होता. नवरा तिफन हाकत होता आणि मी मागून चाड्यात, म्हणजे तिफनीवरच्या लाकडी वाटीत, मूठमूठ बी सोडत होते. दाणा लांबट, पिवळसर. नवऱ्याने मागे वळून पाहिलंच नाही.

आणि लोकवन? बिनऔषधाचं, खाण्याजोगं बी होतं. मी ते निवडलं, दळलं आणि त्याच्या पोळ्या केल्या. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माझा नवरा तीन पोळ्या खाऊन चौथीला थांबला.

"पोळ्या काहून?"

"तुमच्या दादाचं मन मोठं हाय म्हणून."

त्याने कोपऱ्यातल्या दादाच्या रिकाम्या पोत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चौथी वाढ."

पौषात मात्र त्याचा धीर सुटला. गव्हाचे शेंडे पिवळट दिसू लागले. भासरे बांधावर उभे राहून आमच्या बैलाला सांगत, "सांग तिले, गहू तहानला हाय." नवरा म्हणाला, आताच जाऊन वावरांची अदलाबदल करून टाकू, निदान होळीला लोकांसमोर शोभा नको. मी खुरपं घेऊन वावरात गेले, वीतभर खणलं आणि खालची ओली माती आणून त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

माघात विहिरीने तळ गाठला. मोटर नुसती गुरगुरायची. भासऱ्यांचा लोकवन दाणा भरायच्या ऐन वेळी करपला, जिऱ्यासारखा बारीक झाला. आमचा बन्सी माझ्या छातीला लागत होता. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मी रोज त्यांच्या बांधावरून मुद्दाम हळू चालत जायचे.

होळीला लवणाचं नाव कोणी काढलं नाही. त्यानंतर भासरे आमच्या दारात आले. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात शेवया आणि कुरडया हव्या, त्या बन्सीच्याच लागतात, आणि अख्ख्या गावात बन्सी फक्त आमच्याकडे होता. नवरा घरी नव्हता. भासऱ्यांनी बैलाकडे पाहिलं.

"सांग तिले, पोतंभर बन्सी पाह्यजे. रुखवताले लागते, अन् थोडा बियाले ठेवीन."

मी बाहेर आले नाही. संध्याकाळी निरोप पाठवला की परवा न्या.

त्यांनी आणलेलं लोकवनचं पोतं मी धुऊन जपून ठेवलं होतं. तेच भरलं. ते आले तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन दारातच उभी राहिले. त्यांनी पोत्याचं तोंड सोडून आत हात घातला. बोटांमधून रवा गळाला. पोत्यातला सगळा बन्सी मी दळून आणला होता, त्यात पेरायला एक दाणा नव्हता, कुरडईसाठी भिजत घालायलाही नव्हता.

भासरे बैलाकडे वळले.

"त्याले नका सांगू," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. "तुमी आणलं तं मी दळून खाल्लं. मी देल्लं तं दळूनच देल्लं. लवणातलं बी लवणातच राहीन."

पोतं उचलून ते गेले. पोरीच्या रुखवतात शेवया छान दिसल्या. कुरडया नव्हत्या, आणि त्या का नाहीत हे विचारणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगितलं.