सायप्रसच्या मावशीने मांडलेली वीस पानं

गेल्या रविवारी दुपारी एक वाजता, टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये, वीस जणांसाठी मांडलेल्या टेबलावर आम्ही तिघंच बसलो होतो. मी, माझा नवरा निखिल आणि आमची आठ वर्षांची ईरा. बाकीच्या सतरा खुर्च्या रिकाम्या… आणि माझं डोकं असं तापलेलं की त्यावर भाकरी भाजून घ्यावी.

थांबा, आधीचं सांगते. महिन्याभरापूर्वी ईराच्या डान्स क्लासमागच्या स्ट्रिप मॉलमध्ये मला हे सहा टेबलांचं हॉटेल सापडलं. एका बाजूला नेल सलून, दुसऱ्या बाजूला टॅक्स भरून देणारा. मी आपलं ग्रीक समजून आत शिरले, तर मालकीणबाईंनी ठणकावलं, "ग्रीक नाही. सायप्रस!"

मारूला त्यांचं नाव. सत्तरीच्या असतील. दुसऱ्या भेटीपासून मी त्यांना मावशी म्हणायला लागले, अर्थ सांगितला तर केवढ्या खूश झाल्या!

आणि जेवण? अहो, त्या बाई अळकुड्या करतात! सुरी रोवून तुकडा मोडून काढतात, म्हणजे भाजी बुळबुळीत होत नाही. लिंबू पिळलेली चवळी, ठेचलेल्या बटाट्यांवर धण्यांची भरड… पहिला घास खाल्ला आणि टेक्सासमध्ये कोणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं.

मग काय, उत्साह उतू चालला. आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला. लगेच 'वॉव', 'नक्की येतो', 'आम्ही चौघं धर'… बघता बघता वीस जण झाले. मावशींचं हॉटेल रविवारी बंद असतं. माझ्या शब्दावर त्यांनी ते उघडलं. अर्धे जण व्हेज म्हणून सगळा स्वयंपाकच बिनमांसाचा केला, आदल्या दिवशी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसल्या.

दीड वाजला तरी कोणी नाही. मग एकेकाची कारणं यायला लागली. एकाच्या मुलाचं सॉकर. एकाकडे मॅच बघायला मित्र जमलेले. एकीने लिहिलं, 'सगळे आहेतच ना, म्हणून आम्ही स्किप केलं.' आणि कळस म्हणजे, 'अगं, फायनल होतं का ते?'

फायनल म्हणजे काय असतं हो? अक्षता पाठवायच्या होत्या का घरोघरी? ऑफिसच्या मीटिंगला पाच मिनिटं आधी लॉगिन करून बसणारी माणसं आपण. तिथे मॅनेजरला सांगा ना, 'फायनल होतं का?' आपल्याकडे 'नक्की येतो' म्हणजे नुसतं 'बोलावल्याबद्दल थँक्यू' असतं, हे त्या बाईंना कसं सांगू?

मावशी मात्र चिडल्या नाहीत. भांडी पुन्हा पुन्हा गरम करत राहिल्या. शेवटी माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कोणी गेलं का?"

त्यांच्या गावात म्हणे, वाढलेल्या पानावर माणूस एकाच कारणाने येत नाही.

मॅच होती, हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी मान हलवली. "हो… एका मित्राचे वडील." थाप सुटली ती सुटलीच. मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली, उरलेलं सगळं डब्यांत भरलं आणि त्या घरी पोचवायला सांगितलं.

गाडीत बसल्या बसल्या निखिल म्हणाला, "कोणाचे वडील मारलेस?" मी म्हटलं, गप्प बस.

बुधवारी मावशींचा फोन आला, येऊन जा म्हणाल्या. गेले तर काउंटरवर एक मोठं वाडगं. शिजवलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बदाम, वरून पिठीसाखर. गेलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे हे करतात. चर्चमध्ये मेणबत्ती लावायला निघाल्या होत्या. कागद-पेन पुढे करून म्हणाल्या, "नाव लिही त्यांचं."

पेन हातात घेतलं. सगळ्यांचे बाबा डोळ्यांपुढे आले. कोणी पुण्यात लाफ्टर क्लबला जाणारे, कोणी नागपूरहून रोज व्हिडिओ कॉल करणारे… कोणाचं नाव लिहू? पेन ठेवलं आणि सगळं खरं सांगून टाकलं.

तेव्हा मात्र मावशी चिडल्या. न आलेल्यांवर नाही, माझ्यावर. "तीन दिवस मी त्या मुलाचाच विचार करतेय," त्या म्हणाल्या. "तिकीट मिळालं असेल का त्याला, वेळेत पोचला असेल का… माझे वडील गेले तेव्हा मी इथेच होते. नाही पोचले मी."

अपरात्री वाजणाऱ्या ज्या फोनच्या भीतीने आपण सगळे इथे मोबाइल उशाशी घेऊन झोपतो, तो फोन मी एका थापेसाठी वापरला होता. राग अजून आहेच माझा, पण त्यातला अर्धा आता माझा माझ्यावर आहे.

थोड्या वेळाने मावशींनीच वाटीत गहू काढून दिले. "आहेत ना सगळ्यांचे वडील? मग खा." मी उभ्या उभ्या खाल्ले. वाटी संपवली.

मावशी, तुम्ही मला दारातून हाकललं नाहीत, हे तुमचे उपकार.

आणि माझ्या सतरा मित्रमैत्रिणींनो, हात जोडून सांगते. यायचं नसेल तर नाही म्हणा. नाही म्हटल्याने कोणी मरत नाही.