टायर संपेपर्यंत

बटणाचं टायर, म्हणजे ज्यावर रबराचे जाड ठोकळे असतात ते, किती टिकतं, हे मला जालन्यात कुणीही विचारतं. मातीत आणि डांबरावर दोन्हीकडं चालणारी उंच मोटारसायकल एक बाई चालवते म्हटल्यावर लोक आधी गाडीकडं बघतात, मग माझ्याकडं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून टायरवर येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. तुम्ही फिरता कुठं, त्यावर आहे. शेतातल्या मातीत ही बटणं झिजतच नाहीत म्हटलं तरी चालेल, फार तर दगडानं एखादी कड तुटते. टायर खातो तो डांबरी रस्ता, आणि सिमेंटचा तर अधाशासारखा खातो. त्यातही मागचं आधी जातं, कारण ओढायचं काम त्याचं. वडीगोद्रीकडच्या हायवेवर रोज पळवलं तर मधली रांग बघता बघता सपाट होते, मंठ्याकडच्या शेतरस्त्यांवर तेच टायर कितीतरी जास्त दिवस काढतं. मला दोन्हीकडं जावं लागतं. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीसाठी मी शेतकऱ्यांचे प्लॉट बघते, म्हणजे बियाण्यासाठी लावलेलं पीक बराबर आहे का ते बांधावर जाऊन तपासते.

आई गेल्यावर माझे वडील मंठ्याजवळच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. गुडघे बोलायला लागले तसा कळप विकला आणि रिकाम्या घरात बसून राहिले. मी त्यांची एकुलती एक. हट्टानं त्यांना जालन्याला आणलं खरं, पण लेकीच्या घरी बसून खायचं म्हणजे आबांना घास गिळवेना. रोज चहाच्या वेळी त्यांचं ‘उद्या जातो’ सुरू व्हायचं.

“मामा, तुम्ही काय पाहुणे आहात का?” माझा नवरा म्हणायचा.

“पाव्हनाच की. लेकीच्या घरी बाप पाव्हनाच ऱ्हातो.”

मला भीती एकाच गोष्टीची होती. गावी परत गेले तर ते चुलीला हात लावणार नाहीत, चहा-बिस्किटावर दिवस काढतील, आणि घरात कुठं पडले तर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला कळणारही नाही.

अशात त्यांना माझ्या गाडीचं टायर सापडलं. दिवस मावळला की मेंढपाळ मेंढरांचे खूर बघतो. काटा असेल तर करगोट्याला अडकवलेल्या चिमट्यानं तिथंच काढतो, नाहीतर सकाळी मेंढरू लंगडतं. कळप गेला तरी आबांचा चिमटा कमरेलाच होता. मी कामावरून आले की ते टायरजवळ उकिडवे बसायचे, चाक हळूहळू फिरवत बटणांमध्ये अडकलेले खडे नि काटे काढायचे. तेवढा वेळ त्यांच्या तोंडून जाण्याची भाषा निघत नसे. मी मुद्दाम बाभळीखालून गाडी काढते की काय, असं नवरा मला चिडवायचा.

एका सकाळी मागच्या टायरातली हवा जाऊन ते जमिनीला चिकटलेलं.

“काल सांच्याला काढल्ता की म्या काटा,” आबा म्हणाले. “चांगला बोटभर व्हता.”

तिथंच घोटाळा झाला होता. ट्यूबलेस टायरात रुतलेला काटा बुचासारखा हवा धरून ठेवतो, तो पंक्चरच्या दुकानात गेल्यावरच काढायचा. पण खुरात काटा तसाच ठेवून झोपायचं, हे आबांच्या बापजन्मात कुणी केलेलं नव्हतं. मला तर हसूच आलं. पंक्चर काढून प्लॉटवर जायला उशीर झाला, पण काही बिघडलं नाही. संध्याकाळी परत आले तर आबांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

“तुझ्या हितं बसून नुसतं नुकसान करून राह्यलो, माय. सकाळी गावाला सोड मला.”

खूप विनवलं. ऐकले नाहीत. सकाळी त्यांना मागं बसवून निघाले. मंठ्याच्या अलीकडं मला एक प्लॉट बघायचा होता, म्हणून शेतरस्त्याला वळले. आदल्या दिवशी पाऊस झालेला. काळ्या मातीनं बटणं भरून गेली आणि चाक जागीच गरगरायला लागलं. आबा उतरले, बांधावरची काडी घेतली आणि माती उकरायला बसले.

“ह्ये किती दिस चालंल अजून?” त्यांनी टायरवर हात ठेवून विचारलं.

“हायवेवर पळवलं तर थोडेच दिवस. असं मातीतून चालवलं तर चालेल बरंच.”

ते हात झटकून उठले.

“म्या बिघडवलं, तवा म्याच सांभाळतो. टायर संपेस्तोर राहतो. मंग जाईन.”

प्लॉट बघितला आणि तिथूनच आम्ही माघारी फिरलो. आयुष्यात मी देवाचे आभार मानलेत, डॉक्टरांचे मानलेत. त्या दिवशी रबराचे मानले.

त्यानंतर मी हायवे टाळायला लागले. शेतातून वाट असेल तर लांब पडली तरी तीच धरायची. कंपनीत वाटलं, बाई फारच मन लावून काम करायला लागली. पण वडीगोद्रीला जायला दुसरी वाट नव्हती, आणि टायर शेवटी टायरच. बटणं खाली खाली जात झिजेच्या खुणेला टेकली, म्हणजे टायर बदलायची वेळ झाली. मी ब्र काढला नाही. वळणावर मागचं चाक सरकायचं, तरीही नाही. रोज संध्याकाळी त्याच टायरवर हात फिरवणाऱ्या माणसाला दिसत नसेल कसं? तेही काही बोलत नव्हते.

एका रविवारी आबा सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून अंगणात उभे.

“चल जल्दी. टायरच्या दुकानात.”

मी गाडी बाहेर काढली. नवीन जालन्यातल्या दुकानदारानं दोन टायरं पुढं ठेवली. एक मऊ रबराचं, चिखलात धरून चालणारं, पण लवकर झिजणारं. दुसरं कडक, पकड जरा कमी, पण टिकाऊ. मी नेहमी मऊच घेते, म्हणून त्याकडं हात केला. आबांनी माझा हात बाजूला सारला.

“सगळ्यात जास्ती दिस टिकंल, त्ये दे,” ते दुकानदाराला म्हणाले.