मी ग्रूप सोडणार नाही

माझ्या माहेरच्या वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, व्हॉट्सॲप ग्रूप मी सोडणार नाही. नवरा सांगून दमला. मुलगा तर माझाच फोन माझ्या नाकासमोर धरून दाखवतो, आई, बघ, जागा संपली. संपू दे. धारगळचा ग्रूप आहे तो, आणि मी त्यात आहे म्हणजे आहे.

तो कसा आहे हे मला कुणी सांगायला नको. पहाटे चारपासून गुलाबाची फुलं. मग लसूण खाल्ल्याने काय काय बरं होतं ते. कुणाचं तरी वासरू हरवतं, संध्याकाळी सापडतं, तरी पुढचे तीन दिवस लोक त्याचा फोटो फिरवत शोधतच असतात. कुणी वारलं की फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागते, आणि त्यात हमखास एक वाढदिवसाचा केक, कारण न वाचता अंगठा दाबणारे आमच्याकडे कमी नाहीत. दिवसभर टुंग टुंग. कान किटतात माझे.

आणि भांडणं. मी डिचोलीच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. ग्रूपचा ॲडमिन माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा आणि पक्का कोंकणीवाला. गोव्याला राज्य मिळालं, कोंकणी राजभाषा झाली, त्या दिवसांत आमच्या ओसरीवर जो वाद पेटला तो आजतागायत विझलेला नाही. आधी तो तोंडाने चालायचा, आता अंगठ्याने चालतो. गेल्या वर्षी जत्रेचं पत्रक कुठल्या भाषेत काढायचं यावर आम्ही दोघांनी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी त्याने लिहिलं, "ताई, तुका डिचोलेक दिलां. हांगाच्या गजाली तुका कित्याक?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिलां म्हणे! मी काय पितळेचं भांडं आहे, उचलून द्यायला? ज्या विहिरीचं पाणी ओढून माझ्या हाताला घट्टे पडले, तिथलं बोलायला मला याची परवानगी लागणार? एक अक्षर न लिहिता मी ग्रूप सोडला. खोटं कशाला बोलू, पहिले चार दिवस मजेत गेले. फोन गप्प. नवरा म्हणाला, सुटलीस एकदाची. मलाही तसंच वाटलं.

धारगळच्या घरात माझी आई एकटी राहते. ऐंशी कधीच ओलांडली. डिचोलीला चल म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या, पण ती म्हणते, मग इथे देवापुढे दिवा कोण लावील. तिच्याकडे साधा फोन आहे, तो मनात आलं तर उचलते. तिकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो आणि गेटला टांगलेल्या कापडी पिशवीत पाव टाकून पुढे जातो. आई सात वाजायच्या आधी पिशवी काढून घेते, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक. एखाद्या दिवशी पिशवी तशीच दिसली तर कुणीतरी ते ग्रूपवर टाकायचं, मी वाचायचे, शेजाऱ्यांना फोन करायचे आणि कुणीतरी आत डोकावून यायचं. बहुतेक वेळा आई पूजेला बसलेली असायची. कुणीही न ठरवता लागलेली ही पद्धत होती, आणि तिच्यावर विसंबून मी डिचोलीत निवांत होते. ग्रूप सोडताना ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही, एवढा मला राग आला होता.

दहाव्या दिवशी आठ वाजले तरी पिशवी गेटलाच होती. आईची शेजारीण हायवेवरच्या आपल्या दुकानात निघाली होती. तिने स्कूटर बंदही केली नाही. गेटपाशी थांबून, तिच्या त्या खणखणीत आवाजात, मला उद्देशून ग्रूपवर मेसेज बोलली की आईची पिशवी तशीच आहे गो, बघ जरा, आणि गेली. खाली लोकांनी हात जोडले. दोघांनी काळजी घ्या म्हणून लिहिलं. लेकीला कळलं आहे, ती बघेल, असं प्रत्येकाने धरून चाललं. मी ग्रूपात नाही हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

एकाच्या होतं. चुलतभाऊ पणजीला ऑफिसात होता. साडेअकराला त्याने तो मेसेज ऐकला. दहा दिवस त्याला उलट बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून मी नाही हे त्याला बरोबर आठवत होतं. ज्यांच्याशी माझं गोड होतं त्या सगळ्यांनी हात जोडले, आणि ज्याचं माझं पटत नाही त्याने वाड्यात फोन करून माणसं आत पाठवली. आई मागीलदारी विहिरीजवळ पडलेली होती, खुब्याचं हाड मोडून, पहाटेपासून.

चुलतभावानेच फोनवर मला सगळं सांगितलं आणि मी तडक हॉस्पिटल गाठलं. आई शुद्धीवर होती. मी रागानेच विचारलं, हाका का नाही मारल्यास? शेजारीण गेटपर्यंत आली होती ना?

"मारलंय तर," आई म्हणाली. "मगे ती तुका सांगता ता माका आयकाक इला. म्हटलां, आता तुका कळला, आता तू येतलंस. मगे हाको मारूच्यो सोडलंय."

शेजारीण गेल्यावर साडेतीन तास ती तिथे तशीच पडून होती, तोंडातून आवाज न काढता, मी येणार म्हणून.

मी बाहेर आले. चुलतभाऊ पणजीहून तसाच आला होता, बाकावर बसला होता. मी भिंतीला टेकून रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि लोक बघत होते तर बघू दिलं. मग पदराने तोंड पुसलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"फोन काढ," मी म्हटलं, "आणि मला आत घे. आत्ता."