एकठोक आणि कापलेल्या मेंढ्या

कत्तलखान्यात बावीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे एकठोक म्हणत, आणि हे नाव त्याने हाताने कमावलं होतं. जनावर लोखंडी चौकटीत शिरायचं, मान वर करायचं, आणि डाव्या डोळ्यापासून उजव्या शिंगाकडे, उजव्या डोळ्यापासून डाव्या शिंगाकडे रेघ ओढली तर त्या दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, बरोबर तिथे त्याचा घण पडायचा. एकदाच. चारही पाय एकदम गेले पाहिजेत. दुसरा घाव घालावा लागला, तर त्या दिवशी तो जेवत नसे. असे दिवस बावीस वर्षांत नऊ आले, आणि ते नऊच्या नऊ त्याला पाठ होते.

मग बेशुद्ध करायचं यंत्र आलं आणि घणाचं काम संपलं. धिप्पाड देह, पन्नाशीचं वय आणि दुसरं काहीच येत नाही, अशा माणसाला कोण विचारणार? पण इस्पितळाच्या मागच्या प्राणिघरात मेंढ्या धरायला माणूस हवा होता. आधीचे दोघे लाथा खाऊन पळाले होते. एकठोकने पहिल्याच दिवशी साठ किलोची मेंढी काखेत मारून वजनकाट्यावर नेली. सर्जन मॅडम बघतच राहिल्या.

"कुठून आणलंत यांना?" त्यांनी नोंदी ठेवणाऱ्या सहायकाला विचारलं.

"कत्तलखान्यातून."

"मेंढीला?"

"माणसाला, मॅडम."

प्राणिघर तळमजल्यावर होतं. बारा कोंडवाडे, मधून जाणारं गटार, फिनेल आणि ओल्या लोकरीचा वास. शेजारी शस्त्रक्रियेची खोली. मॅडम उंचीने इतक्या कमी की टेबलापाशी लाकडी पाटावर उभ्या राहून काम करत. हात अतिशय हलका आणि तोंड अतिशय जड. चुकीचा चिमटा पुढे आला की तो भिंतीवर आपटून परत यायचा.

त्यांचा ध्यास एकच होता. माणसाचं हृदय कधीकधी आजाराने फुगत जातं. भिंती पातळ होतात, आतली पोकळी वाढते, आणि ते पिळलं जायच्या ऐवजी नुसतंच हलत राहतं. अशा हृदयाच्या डाव्या भिंतीची एक फाक कापून काढायची, कडा शिवून टाकायच्या आणि पोकळी लहान करायची. लहान पोकळीत कमी जोर लागतो, म्हणून उरलेला स्नायू सावरेल, असा हिशेब. पण माणसावर हात टाकण्याआधी मेंढीवर करून बघायला हवं, आणि त्यासाठी आधी मेंढीचं धडधाकट हृदय बिघडवायला हवं.

बिघडवायची रीत सोपी होती. मानेच्या शिरेतून एक तार हृदयात सोडायची. तारेचं दुसरं टोक पाठीवर बांधलेल्या पेटीत. पेटीवर फिरवायचं बटण. मेंढीचं हृदय मिनिटाला ऐंशी-नव्वददा पडतं, ते बटणाने दोनशेवर न्यायचं आणि महिनाभर तिथेच ठेवायचं. महिन्याने हृदय थकून भोपळ्यासारखं होई. मग दहापैकी पाच मेंढ्यांना कापायचं, शिवायचं, आणि जखम धरली की बटण पुन्हा वर; उरलेल्या पाच तुलनेसाठी न कापता तशाच ठेवायच्या. शिवलेलं हृदय त्या माराखाली टिकतं का, तेवढंच बघायचं होतं.

एकठोकने हजारो जनावरं मारली होती आणि रात्री घोरत झोपला होता. इथे त्याची झोप उडाली. तिथे मरण डोळ्याची पापणी लवण्याएवढं असे, इथे ते सहा-सहा आठवडे चालायचं. मेंढ्या उभ्याच राहायच्या, कारण बसलं की श्वास कोंडायचा. मान पुढे ताणून, जीभ निळी करून, गजांवर कपाळ आपटत राहायच्या. नाकातून गुलाबी फेस यायचा. न कापलेल्यांचंही तसंच व्हायचं, पण कापलेल्यांच्या छातीत ताजे टाके असत, आणि प्रत्येक धापेबरोबर ते टाके ताणले जाताना दिसत. सुरी खाऊन आलेल्या जनावराला पुन्हा मारत बसायचं, हे त्याच्या कुठल्याच हिशेबात बसेना.

मग तो बटण खाली करू लागला.

सहायक सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला आकडे लिहून जाई. मधल्या वेळात प्राणिघरात एकठोकशिवाय कुणी नसे. नऊ वाजले की तो कापलेल्या पाच मेंढ्यांची बटणं शंभरावर आणायचा आणि साडेचारला परत दोनशेवर न्यायचा. संध्याकाळचे आकडे झाले की पुन्हा खाली, पहाटे पुन्हा वर. धापा मंदावायच्या, मेंढ्या गुडघे मोडून बसायच्या. 'घ्या गं बायांनो, टेका जरा,' तो म्हणायचा. ढकलगाडी ओढणाऱ्याला सावलीत बसू द्यावं, त्याहून जास्त काही आपण करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही.

त्या पाचांपैकी दोघी टाक्यांतून रक्त जाऊन मेल्या. तीन जगल्या. त्याच वेळी न कापलेल्या पाचही मेल्या. मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना पेढे वाटावेत तसे धन्यवाद वाटले.

याच दिवसांत एकठोकचा धाकटा भाऊ आजारी पडला. धाकटा हमाल होता, तोही साधा नाही. लोखंडी कपाट एकटा पाठीवर घेऊन चार मजले चढणारा. आधी नुसता ताप आला, मग पायांना सूज, मग सहा पायऱ्या चढल्या की कठडा धरून उभा. तपासणीत हृदय दुपटीने वाढलेलं निघालं. एकठोक मॅडमच्या दारात तीन दिवस बसून राहिला आणि धाकट्याचं नाव लावून आला. पहिला माणूस म्हणून.

मॅडमनी दोघांना आणि धाकट्याच्या बायकोला समोर बसवून सगळं समजावलं.

"पाचात तीन जगल्या," त्या म्हणाल्या. "माणसाचं नक्की सांगता येत नाही. पण पाचात तीन."

"लोक घर मोठं करायला मरतात," धाकटा धापा टाकत म्हणाला. "आमचं नशीब बघा, लहान करायचंय."

"गप्प बसा हो," बायकोने त्याला कोपराने ढोसलं. मग मॅडमना विचारलं, "पण त्या कापल्यामुळेच जगल्या, हे कशावरून?"

मॅडमना प्रश्न आवडला. "चांगलं विचारलंत. बटण खाली केलं ना, तर असलं थकवलेलं हृदय आपोआप सावरतं. कापायची गरजच नाही. म्हणून आम्ही बटण शेवटपर्यंत वर ठेवलं. तरी जगल्या. म्हणजे कापल्यामुळेच."

एकठोकने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की लाकूड कडाडलं.

"दादाला बघा, माझ्या आधी हाच जाईल," धाकटा हसला.

दोन दिवस एकठोक तोंडाला कुलूप लावून होता. बोललो तर भावाचं ऑपरेशन जाणार. नाही बोललो तर भाऊ टेबलावर जाणार, आणि तेही एका खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून. तो आकडा मॅडमनी मांडला होता, पण घडवला होता त्याने, स्वतःच्या बोटांनी. तिसऱ्या दिवशी तो शस्त्रक्रियेच्या खोलीत गेला. मॅडम हत्यारं मोजत होत्या.

"मॅडम, मी बटण खाली करत होतो."

"कुठलं?"

"कापलेल्यांचं. पाचही जणींचं. रोज. दिवसा आणि रात्रीही."

मॅडम वळल्या. काही क्षण त्यांना कळलंच नाही. मग कळलं. हातातला स्टीलचा ट्रे त्यांनी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर फेकला. कात्र्या, चिमटे, बरगड्या फाकवायची लोखंडी चौकट, सगळं त्याच्या अंगावरून खळखळत खाली आलं. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. तो जागचा हलला नाही.

"चार वर्षं!" त्या ओरडल्या. "माझी चार वर्षं, मूर्खा! दया येत होती तुला? माझ्या टेबलावर माणूस मेला असता, तेव्हा आली असती दया?"

"म्हणून सांगतोय."

"भाऊ आहे तुझा म्हणून सांगतोयस!"

"हो," एकठोक म्हणाला. "परका असता तर सांगितलं असतं की नाही, देव जाणे."

यावर मॅडम खाली बसल्या. मग त्यांनीच कापूस काढला आणि त्याची भुवई शिवली, बधिर न करता. पाच टाके.

पुढच्या तुकडीतल्या चार मेंढ्यांची हृदयं फुगून तयार होती. मॅडम म्हणाल्या, "या चौघींवर करू. खरं." एकठोकने स्वतःच प्रत्येक पेटीला पत्र्याचं झाकण बसवून कुलूप घातलं आणि किल्ल्या मॅडमच्या हातात दिल्या.

पहिली टेबलावरच गेली. भिंत इतकी पातळ झाली होती की दोरा ओल्या पुठ्ठ्यातून निघावा तसा सरकन बाहेर आला. रक्त उडून वरच्या दिव्यावर बसलं आणि दिव्याच्या उष्णतेने तिथेच करपलं. मॅडम कोपरापर्यंत आत हात घालून भोक बंद करत होत्या, शिव्या देत होत्या, आणि मेंढी त्यांच्या मुठीतच थांबली. दुसरी पाचव्या दिवशी गजांवर डोकं आपटता आपटता गेली. एक शिंग मुळातून उखडलं तरी थांबली नाही. तिसरीला एकठोकने दुपारभर मांडीवर धरून ठेवलं होतं. तिच्या नाकातला फेस त्याच्या सदऱ्यावर वाळत होता. झाकणाखाली बटण होतं, बोटभर अंतरावर. त्याने आपले हात गजांच्या पलीकडे घालून बोटं एकमेकांत अडकवली आणि ती मरेपर्यंत सोडली नाहीत.

चौथी जगली. दोनशेच्या माराखाली, तीन आठवडे, धापा टाकत, पण जगली. चारा खायला लागली आणि एक दिवस त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ मारली.

मॅडमनी पुन्हा तिघांना बोलावलं. या वेळी एकठोक उभाच राहिला आणि जे केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. धाकटा ऐकत होता. त्याचे ओठ निळे पडले होते.

"म्हणजे पाचात तीन नाही?"

"नाही. चारात एक."

धाकटा उठला. महिनाभर जो अंथरुणावरून कष्टाने उठत होता, तो एका झेपेत टेबल ओलांडून आला. पहिला ठोसा दादाच्या जबड्यावर बसला, दुसरा भुवईच्या नुकत्याच भरलेल्या जखमेवर. भुवई पुन्हा उसवली.

"माझी आशा होती ती! कशाला तोंड उघडलंस?" तिसऱ्या ठोशाला हात वर गेला तो तसाच राहिला. श्वास मिळेना. तो दादाच्याच छातीवर कोसळला, आणि एकठोकने त्याला मेंढी धरावी तसा दोन्ही हातांनी ताठ बसता धरला, मान पुढे, खांदे वर, म्हणजे हवा आत जाईल. धाकट्याची नखं त्याच्या दंडात रुतली होती. दोघांच्या सदऱ्यांवर एकाचंच रक्त होतं.

श्वास आला तसा धाकट्याने मॅडमना विचारलं, "घरी बसून राहिलो तर?"

"चार महिने. कदाचित पाच."

"असेच? बसल्या बसल्या झोपून?"

"याहून वाईट."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"मग कापा," धाकटा म्हणाला. "दादा, चारात एक म्हणजे किती रे? तू घण घालायचास, तेव्हा चारांतली किती जनावरं जगायची?"

"एकही नाही."

"मग त्यापेक्षा बरं."

संमतिपत्रावर सही करताना त्याने कागदावरचा 'पाचात तीन' हा आकडा खोडायला लावला, वर 'चारात एक' लिहून घेतलं आणि मगच सही केली. साक्षीदार म्हणून खाली दादाची. एकठोकच्या भुवईतून एक थेंब त्या कागदावर पडला. मॅडम म्हणाल्या, राहू दे.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. एकठोक आणि भावजय बाहेरच्या बाकावर बसले. साडेबाराला मॅडम बाहेर आल्या. अंगावरचा हिरवा झगा गळ्यापासून पोटापर्यंत काळपट झाला होता. फाक नीट निघाली, त्या म्हणाल्या, टाके धरले, सगळं धरलं, पण हृदयाचं काम सांभाळणाऱ्या यंत्रावरून काढल्यावर हृदयाने पुन्हा उचल घेतली नाही. तीन वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी टाके फाटले.

भावजय उठून उभी राहिली.

"दादा, त्यांना आकडा ठाऊक होता ना?"

"होता."

"खरा?"

"खरा."

तिने दोन्ही मुठी वळल्या आणि त्याच्या छातीवर मारायला सुरुवात केली. पहिले काही घाव गळ्याजवळ बसले, मग बरगड्यांवर. मॅडम मध्ये पडायला आल्या, तर एकठोकने एका हाताने त्यांना अडवलं. ती मारत राहिली, शिव्या देत, रडत, त्याला, मॅडमना, मेंढ्यांना, त्या बटणाला. त्याने अंग आकसलं नाही की मान वळवली नाही. तिची मनगटं दुखावतील म्हणून त्याने फक्त छाती थोडी पुढे वाकवली आणि ती दमेपर्यंत तसाच उभा राहिला.