छपराचा रकाना

भिंती: आहेत. दार: आहे. तिसऱ्या रकान्यात मी 'छप्पर: नाही' असे लिहिले आणि रेवाबाईने माझा हात धरला.

"भाऊसाहेब, कौलं तुम्हीच काढात ना? आते छप्पर नई लिखतस?"

खरे होते. मी तेव्हा म्युनिसिपल कमिटीचा ओव्हरसियर, म्हणजे गावातली गटारे, रस्ते, बांधकामे बघणारा माणूस. घरात प्लेगचा रोगी निघाला की माणसे बाहेर काढायची आणि कौले उतरवून आत ऊन पडू द्यायचे, अशी त्या वेळची रीत. रेवाबाईचा नवरा प्लेगने गेला. तिला गावाबाहेरच्या छावणीत धाडले आणि तिची कौले मी उभे राहून उतरवून घेतली. साथ संपेपर्यंत घर उघडेच ठेवायचे, असा हुकूम होता.

आता वस्तीचे सांगतो. जिनमागे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यामागे, नुसत्या गवताच्या झोपड्या होत्या. उन्हाळ्यात आगी, पावसाळ्यात चिखल. कमिटीने ठरवले, जागा राहणाऱ्यांच्याच नावावर करू, म्हणजे लोक घरे नीट बांधतील. अट अशी की वर्षाच्या आत भिंती, दार, छप्पर. मग सनद, म्हणजे मालकीचा कागद. नाहीतर प्लॉट परत. योजना चांगली होती, मी आजही तेच म्हणेन. जिनमधले काम उरकून रेवाबाई आणि तिचा नवरा रोज विटा पाडत. पहिले घर त्यांचेच उभे राहिले.

मुदत त्या तपासणीच्या दिवशीच संपत होती, म्हणून रेवाबाई छावणीतून आली होती. मी कमिटीच्या साहेबांकडे गेलो.

"साहेब, कौले भिंतीशी रचलेली आहेत. एका दिवसाचे काम आहे."

"छप्पर आहे की नाही?"

"आपणच काढले."

"फॉर्मात शेऱ्याचा रकाना आहे?"

"नाही."

"मग सही करा."

मी केली. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, दुसरे काही नाही.

साथ ओसरल्यावर तो प्लॉट एका कापूस दलालाने लिलावात घेतला. रेवाबाईचीच कौले त्याने दोन दिवसांत चढवली. तपासणीला मीच. तिन्ही रकाने भरले. रेवाबाई समोर रस्त्यावर उभी होती.

"हाई घर मन्हं शे," भिंतीकडे बघत ती एवढेच म्हणाली. मला मान वर करवेना. ती सारंगखेड्याला भावाकडे निघून गेली.

वस्तीत पुढे कुणी विटा पाडल्या नाहीत. पाया खणलेल्यांनीही खड्डे बुजवले. का, म्हणून एका म्हाताऱ्याला विचारले.

"गवतनं घर ग्यं तं ग्यं, भाऊसाहेब," तो म्हणाला.

पुढे फॉर्मात शेऱ्याचा रकाना नसला की मी शेरा समासात लिहू लागलो. साहेबांनी दोनदा खरडपट्टी काढली. नोकरी गेली नाही. तेव्हाही गेली नसती.