अ‍ॅस्पेनचं बूच

टॉर्कल मॅकफीने जन्मभर बुचं केली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, बेटावरच्या व्हिस्कीच्या भट्टीत जेवढी पिंपं मुरत पडलेली, त्या सगळ्यांची तोंडं त्यानेच बंद केली होती. बुचाला तिकडे 'बंग' म्हणतात. शब्द म्हणे डच लोकांकडून आला, आणि मुळात तो भोकाचा. "भोकाचं नाव झाकणाला! आता थोर कोण ते सांगा," असं म्हणून टॉर्कल स्वतःच हसायचा. त्याची बायको शोनाद या विनोदाला विटली होती.

बुचाला पॉपलरचं मऊ लाकूड लागतं. ओलं झालं की फुगून घट्ट बसतं. लढाईच्या वर्षी ते बोटीने येईना. मग टॉर्कलने ओढ्याकाठचा अ‍ॅस्पेन पाडला. वारा नसतानाही याची पानं पिंपळासारखी सळसळतात. बेटावर हे लाकूड अपशकुनी मानतात; ते नांगराला लावत नाहीत, आणि होडीत तर नेतच नाहीत.

"बाकीची झाडं मेली होती का रे?" शोनाद कडाडली.

"पिंप काय समुद्रात जातंय? उगाच भुतं उठवू नकोस!"

बुचं झकास बसली. पण एका दुपारी, वारा अगदी पडलेला असताना, गोदामातलं प्रत्येक बूच हलकेच थरथरायला लागलं. टॉर्कलने हातातलं काम टाकलं. तो तसाच घरी आला.

"आपला फिनले कुठाय?"

"शेवंडं धरायला गेलाय. होडीच्या तळाच्या भोकाचं बूच हरवलं होतं. मीच म्हटलं, बाबाच्या जुन्या टोपलीतलं घे, ते पॉपलरचं आहे."

जुन्या टोपलीतली पॉपलरची बुचं केव्हाच संपली होती. तीत त्याने अ‍ॅस्पेनची नवीच भरून ठेवली होती, आणि घरात सांगायचं राहून गेलं होतं.

दोघं किनाऱ्यावर धावली. समुद्र निपचित पडला होता, तरी होडी सरळ त्यांच्याकडे येत होती. वल्ही आत नीट ठेवलेली. फळीवर ओटची अर्धी भाकरी. बूच घट्ट. तळाशी पाण्याचा थेंब नव्हता, आणि फिनलेही नव्हता.

टॉर्कलला स्वतःच्या हातांची किळस आली. गुडघ्यांवर बसून तो ते बूच उपटू लागला, तेव्हा शोनादने त्याचं मनगट धरलं. जेवायला हाक मारावी इतका साधा तिचा आवाज होता.

"राहू दे ते. होडी परत ढकल. पोरगं येणार कशात बसून?"