डॉक्टरीन अशी असते का?

धडगावच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात टीव्ही एकच आहे, पण त्याचे किस्से इतके साठलेत की चहाला बसलं की एक संपत नाही तोच दुसरा निघतो. मी इथली गृहपाल, स्वतः पावरा आदिवासी आणि जरा तापट. त्यामुळे हसता हसता माझा आवाज कधी चढेल, सांगता येत नाही.

*

स्वयंपाकाच्या सुशीलाबाई शहाद्याच्या. सिरियलमध्ये नवा माणूस आला, की त्याने तोंड उघडायच्या आधीच त्या अहिराणीत जाहीर करतात, "हाऊ चोर शे." कशावरून? तर काळ्या रंगावरून!

वाईट हे, की बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघतं.

*

एकदा सिनेमात पानं गुंडाळलेले आदिवासी भाले घेऊन नाचत होते. मुली पोट धरून हसत होत्या. एका छोटीने विचारलं, "मॅडम, हे लोक कुठे राहतात?"

"इथेच," मी म्हटलं. "आत्ता टीव्ही बघत बसलेत."

माझं डोकं दिवसभर तापलेलं होतं.

*

काठी गावच्या होळीला चॅनेलवाले आले. माझा भाऊ जीन्स-शर्टमध्ये उभा होता, त्याला कॅमेरावाल्याने बाजूला व्हायला सांगितलं. त्यांना म्हणे फ्रेममध्ये फक्त आदिवासी हवे होते.

संध्याकाळी तोच भाऊ नवसाप्रमाणे अंगभर राखेचे ठिपके काढून, मोरपिसांचा टोप घालून निघाला. चॅनेलवाले माइक घेऊन मागे धावले. भाऊ म्हणाला, "सकाळीच बोललो असतो की!"

*

आता गॅदरिंगचं सांगते. नाटकातली कामं मुलींनीच वाटून घेतली. गोरी सविता डॉक्टर आणि सगळ्यांत काळी रमिला चोर. गेल्या वर्षीही ती चोरच होती, त्याआधी भूत. यंदा मात्र ती माझ्या खोलीत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मला डॉक्टरचं सगळं पाठ आहे. मला खरंच डॉक्टर व्हायचंय."

मी कामं बदलली. मुली कुरकुरल्या, हे कोणाला पटणारच नाही म्हणाल्या. सुशीलाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "डाक्टरीन अशी ऱ्हास का? टीव्हीमा कधी दखेल शे का?"

"नाही ना पाहिली? म्हणून तर स्टेजवर दाखवायची," मी म्हटलं. मी हट्टालाच पेटले होते.

गॅदरिंगच्या दिवशी रमिलाने पावडर किती लावू म्हणून विचारलं. मी पावडरचा डबा माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पालक डोंगरातून जीप भरभरून आले होते. नाटक झालं, टाळ्या पडल्या. रमिला पांढऱ्या कोटातच खाली उतरली. मुली लांबून बघत होत्या, लोकांना पटलं की नाही ते.

तोरणमाळकडच्या एका पाड्यावरची म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. त्या पाड्यावर अजून वीज नाही. तिने रमिलासमोर लुगडं जरा वर घेऊन सुजलेला गुडघा पुढे केला आणि आमच्या पावरी बोलीत विचारलं, "इथेच बघतेस, की तुझ्या दवाखान्यात येऊ?"